आजीचा सारीपाट

पाडव्याची जेवणे आटोपली, पानसुपारी झाली, की आमच्या पनवेलच्या घरी माजघरातल्या ट्रंकेतून आजीचा पट बाहेर निघे. चार भुजांचा, लाल-हिरव्या कापडाचे तुकडे जोडून शिवलेला. वर्षभर पत्त्यांवर डोळे वटारणारी आजी त्या दिवशी स्वतः फासे खुळखुळवी! बलिप्रतिपदेला द्यूतप्रतिपदा असेही म्हणतात. पार्वतीने शंकराला फाशांत हरविले ते याच दिवशी, अशी कथा आहे. आजीला तेवढा आधार पुरे होता.

प्रत्येक भुजेवर आठ-आठ घरांच्या तीन ओळी. चारी भुजांची मिळून ९६ घरे. खेळणारे चौघे, समोरासमोरचे दोघे भिडू. प्रत्येकाच्या सोंगट्या चार. सोंगटी मधून निघून आपल्या भुजेच्या मधल्या ओळीने खाली उतरते, कडेकडेने सारा पट फिरते आणि त्याच मधल्या ओळीने वर चढून पिकते. वाटेत एकटी सापडली तर मारली जाते आणि पुन्हा पहिल्यापासून चालू लागते. एका घरात दोघी असल्या तर, आमच्याकडे तरी, त्यांना कुणी हात लावीत नसे. फासे तीन, लांबट; चार बाजूंवर एक, दोन, पाच आणि सहा. दोन छक्के आणि एक पडला की पौबारा. चोर पोबारा करतो तो याच दानाचा! फाशांऐवजी कवड्या घेतल्या की झाली पचिशी. सहाही कवड्या पालथ्या पडल्या तर दान पंचवीसचे.

कॅलेंडरांवरच्या चित्रांत शकुनीपुढे हाच पट मांडलेला असतो. पण सभापर्वात सोंगट्या चालविल्याचे वर्णन नाही. तिथे एकेक पण फासा पडताच निकालात निघतो. आपल्या खेळाचे चोख वर्णन आढळते ते अबुल फजलच्या ऐने अकबरीत: १६ सोंगट्या, तीन फासे आणि आकडेही आजीच्याच फाशांवरचे. फत्तेपूर शिक्रीच्या अंगणात तर अकबराचा दगडी पटच आहे. आम्हा मराठी माणसांना मात्र जवळचा वाटतो तो खंडोबा. म्हाळसेशी सारीपाट खेळताना त्याने बारा वर्षांच्या वनवासाचा पण लावला, मुद्दाम हरला आणि बाणाईच्या मेंढ्या राखायला गेला. देवसुद्धा किती लबाड!

१८९६ साली इंग्लंडात पचिशीवरून बेतलेल्या ल्यूडोचे पेटंट घेतले गेले. पुठ्ठ्याचा तो सुटसुटीत खेळ आमच्याही घरी आला आणि पट ट्रंकेतच राहू लागला. आजी गेली. मागच्या दिवाळीत पट उलगडला, तेव्हा पहिली सोंगटी कोणत्या दानावर बसवायची यावरून वडिलांची आणि आत्याची जुंपली. दोघेही आजीची साक्ष काढीत होते. मी शाळामास्तर, जगाला प्रश्न विचारणारा. पण ती होती तेव्हा एवढे विचारून ठेवावेसे मला वाटले नाही.

आता आत्याही ऐंशीच्या पुढे गेली आहे. यंदा वही घेऊन तिच्या शेजारी बसणार आहे. एक फासा हरवला होता. पनवेल एके काळी बैलगाड्यांच्या चाकांसाठी नावाजलेले गाव. चाके करणाऱ्या घरातल्याच एका सुताराकडून तो शिसवीचा करून घेतला. आवाज बाकीच्या दोघांसारखा येत नाही, पण पडतो बरोबर.