चार आठवड्यांची रजा

संगीताचा इतिहास लिहिणारे ग्रंथकार बहुधा रचनाकारांचा व वादकांचा इतिहास लिहितात. ऐकणारांचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाहीं. त्यास कारणहि आहे. वाजविणारा कांहीं तरी मागें ठेवून जातो. ऐकणारा जें घेऊन जातो तें बहुधा त्याच्याबरोबरच नाहींसें होतें. तथापि केव्हां केव्हां एखाद्या श्रोत्याचें नांव दफ्तरांत राहून जातें, आणि तेंहि तक्रारीच्या निमित्तानें. जर्मनींतील आर्नस्टाट या गांवच्या धर्ममंडळाच्या दफ्तरांत २१ फेब्रुवारी १७०६ या दिवशीं अशा एका श्रोत्याची जबानी नोंदलेली आहे. तो श्रोता म्हणजे तेथील नव्या देवळाचा ऑर्गनवादक योहान सेबास्टियन बाख. त्याला अद्याप एकविसावें वर्ष पुरें व्हावयाचें होतें, आणि आरोप असा होता कीं, चार आठवड्यांची रजा घेऊन गेलेला हा नोकर सुमारें चौपट काळ बाहेर राहिला.

तो गेला होता ल्यूबेकला. हें शहर आर्नस्टाटच्या उत्तरेस, बाल्टिक समुद्राजवळ, सुमारें २५० मैलांवर आहे. तेथील सेंट मेरीच्या देवळांत डिट्रिख बुक्स्टेहुडे हा वृद्ध वादक १६६८ पासून ऑर्गन वाजवीत होता, व त्यास ऐकणें हाच या प्रवासाचा हेतु होता. बाखच्या मृत्यूनंतर त्याच्या मुलानें व एका शिष्यानें लिहिलेलें जें चरित्र १७५४ मध्यें छापलें गेलें, त्यांत हा प्रवास त्यानें पायीं केला असें स्पष्ट म्हटलें आहे. ऑक्टोबर १७०५ मध्यें चुलतभावास आपल्या जागीं बसवून तो निघाला आणि फेब्रुवारीच्या आरंभीं परत आला.

येथें सहजच एक प्रश्न उभा राहतो. बुक्स्टेहुडेचें संगीत बाखला ल्यूबेकला न जातां मिळण्यासारखें नव्हतें काय? मिळण्यासारखें होतें, इतकेंच नव्हे, तर तें त्याला पूर्वींच मिळालेलें होतें. वाइमार येथील ग्रंथालयांतील कांहीं जुनीं हस्तलिखितें २००६ मध्यें उजेडांत आलीं. त्यांत बुक्स्टेहुडेची ऑर्गनसाठीं लिहिलेली एक मोठी व अवघड रचना बाखनें तेराव्या-चौदाव्या वर्षाच्या सुमारास स्वहस्तें उतरलेली आढळली. उतरून घेण्याचा हा नाद त्याला लहानपणापासूनचा. दहा वर्षांचा होण्यापूर्वींच आईबापांस अंतरलेला हा मुलगा ओर्ड्रुफ येथें वडील भावाच्या घरीं वाढला. भावानें कपाटांत बंद करून ठेवलेली संगीताची वही तो रात्रीं कपाटाच्या जाळींतून काढी आणि चांदण्यांत बसून उतरून घेई. हा क्रम सहा महिने चालला, व भावास कळतांच त्यानें ती नक्कल काढून घेतली, असें त्याच चरित्रांत नमूद आहे.

पुढें ल्युनेबुर्ग येथें शिकत असतां राइन्केन या वादकास ऐकण्यासाठीं तो ३० मैलांवरील हाम्बुर्गला जात असे. एकदां परततांना जवळचे पैसे संपले. एका खाणावळीच्या खिडकींतून कोणीं तरी फेकलेलीं माशांचीं दोन डोकीं त्यानें भुकेपोटीं उचललीं, तों प्रत्येकांत एकेक सोन्याचें नाणें निघालें. त्या पैशांनीं त्यानें जेवण तर केलेंच, पण राइन्केनला ऐकण्यासाठीं पुन्हां एक खेपहि केली, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेंतील नाण्यांचें कांहीं असो, त्या खेपेवर तिच्या श्रोत्यांचा सहज विश्वास बसला, हें त्याच्या स्वभावाचें गमक होय.

तेव्हां जवळ कागद असतांहि तो चालत गेला, याचा अर्थ काय? ज्यांनीं एखाद्या बुवांची चीज वहींत उतरून घेतली आहे, त्यांस याचें उत्तर निराळें सांगावयास नको. वहींत चीज येते, बुवा येत नाहींत. त्यांतून ऑर्गनची गोष्ट आणखी निराळी. आपल्याकडे संगीत नाटकांमुळें हें नांव परिचित झालें; परंतु ती पायांनीं भाता हलवून वाजविण्याची पेटी. ल्यूबेकचा मोठा ऑर्गन म्हणजे देवळांत उभारलेली एक इमारतच होती. हातांसाठीं तीन स्वरपट्ट्या, पायांसाठीं निराळी एक, नळ्यांचे पन्नासांहून अधिक संच, आणि भाते हलविण्यास स्वतंत्र माणसें. आर्नस्टाटचा ऑर्गन नवा व चांगला होता, पण दोन स्वरपट्ट्यांचा. कोणत्या क्षणीं कोणता संच उघडावा, कोणता स्वर किती धरावा, कोठें थांबावें, हें त्या काळच्या लेखनांत बहुतेक येतच नसे. तें वाजविणाराच्या हातांत असे, आणि हात पाहावयाचा तर त्याच्याजवळ जाणें भाग होतें.

शिवाय बुक्स्टेहुडे नाताळापूर्वींच्या ठराविक रविवारीं देवळांत गायनवादनाचे मोठे कार्यक्रम करी. त्यांस सायंसंगीत म्हणत. खर्चाचा भार शहरांतील व्यापारी उचलीत, आणि प्रवेशास पैसे पडत नसत. १७०५ च्या डिसेंबरांत २ व ३ तारखेस आणखी दोन खास कार्यक्रम झाले. पहिला सम्राट पहिला लिओपोल्ड याच्या मृत्यूनिमित्त शोकाचा. दुसरा नवा सम्राट पहिला योसेफ याच्या राज्यारोहणाच्या आनंदाचा. या दुसऱ्यांत २५ व्हायोलिनांची एकस्वरांत योजना होती. आतां थोडा हिशेब करावा. रोज २० मैल चाललें तरी जाण्यायेण्यांत २५ दिवस जातात. मग चार आठवड्यांच्या रजेंत ऐकण्यास उरतात ते तीन दिवस. रजा मागतांना हा हिशेब त्यानें मनांत केला नसेल, असें मानणें कठीण आहे.

त्याच वाटेनें, पण निराळ्या रीतीनें, दुसरे दोघे तरुण येऊन गेले होते. ऑगस्ट १७०३ मध्यें हेंडेल व त्याचा मित्र मातेझोन हाम्बुर्गहून गाडीनें ल्यूबेकला आले. बुक्स्टेहुडेची जागा पुढें कोणास मिळावी हा प्रश्न तेव्हां निघालेला होता; परंतु त्या जागेबरोबर विवाहाची अटहि होती. बुक्स्टेहुडेनें स्वतः पूर्वींच्या वादकाच्या कन्येशीं लग्न केलें होतें. दोघांनीं वादन ऐकलें, वाद्यें वाजवून पाहिलीं, पाहुणचार घेतला आणि ते परतले. त्यांस जागेची चौकशी करावयाची होती. बाखला वृद्धाची विद्या हवी होती, आणि तिला तीन दिवस पुरत नाहींत.

परत आल्यावर जाब द्यावा लागला. आपल्या कलेंतील कांहीं गोष्टी समजून घेण्यासाठीं गेलों होतों, तशी परवानगी घेतली होती, आणि बदली मनुष्य काम नीट पाहील अशी आशा होती, असें उत्तर त्यानें दिलें. पण मंडळाची तक्रार एवढ्यावर संपत नव्हती. प्रार्थनागीतांच्या साथींत हा चमत्कारिक फेरफार करतो, परके स्वर मिसळतो, त्यामुळें गाणारी मंडळी गोंधळून जाते, असेंहि त्यांचें म्हणणें होतें. मंडळास अरसिक म्हणून हंसणें सोपें आहे, परंतु न्यायाचें नाहीं. नाताळच्या ऐन दिवसांत ज्यांचा वादक गैरहजर होता, आणि आल्यावर ज्यांना आपलेंच गीत ओळखतां येईना, त्या गांवकऱ्यांचें खरोखरच नुकसान झालें होतें. वेतन त्यांनीं दिलें. फळ तत्काळ त्यांच्या पदरीं पडलें नाहीं. विद्येसाठीं कोणी वाट चालतो तेव्हां तिचा खर्च पुष्कळदां दुसऱ्याच कोणाच्या नांवें पडतो. १७०७ मध्यें बाख आर्नस्टाट सोडून गेला.

त्याच वर्षीं ९ मे रोजीं बुक्स्टेहुडे वारला. डिसेंबरच्या त्या दोन कार्यक्रमांचे छापील शब्द तेवढे उरले आहेत. संगीत नष्ट झालें. ल्यूबेकचा तो मोठा ऑर्गनहि आज उरलेला नाहीं. एकच खर्जाचा स्वरबंध पुन्हां पुन्हां फिरवीत त्यावर सारी रचना उभारण्याची बुक्स्टेहुडेची एक पद्धत होती. तिचे जे तीन ऑर्गनवरील स्वतंत्र नमुने आज उपलब्ध आहेत, ते एकाच जुन्या हस्तलिखित संग्रहामुळें वांचले आहेत. त्याच संग्रहांत बाखची त्याच पद्धतीची विख्यात पॅसाकाग्लियाहि आहे. आणि हा संग्रह मुख्यतः ज्याच्या हातचा, तो बाखचा ओर्ड्रुफचा वडील भाऊ. धाकट्याची चांदण्यांत उतरलेली वही ज्यानें काढून घेतली होती, तोच.