उन्हाची पारख करणारी काच

उजेड घरात यावा आणि ऊन मात्र बाहेरच राहावे, ही उष्ण प्रदेशातील माणसाची फार जुनी इच्छा होय. वाड्यांच्या जाड भिंती, लहान खिडक्या आणि दारावर सोडलेले वाळ्याचे ओले पडदे ही तिचीच साधने होत. महाराष्ट्रात १९०८ साली तळेगावी पैसाफंडाचा काचकारखाना निघाला, पुढे ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील घरोघर गेला. त्या काळी काच म्हणजे उजेड, एवढेच समीकरण होते. इमारतींच्या भिंतीच काचेच्या झाल्या, तेव्हा उजेडाबरोबर उष्णताही आत आली.

काचेच्या इतिहासात १९५९ हे साल दोन कारणांनी संस्मरणीय आहे. वितळलेल्या कथिलावर काच तरंगवून सपाट तक्ते करण्याची रीत इंग्लंडातील पिल्किंग्टन कंपनीने त्याच वर्षी जाहीर केली. आणि अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या एफ. जे. मॉरिन यांनी व्हॅनेडियमच्या ऑक्साइडांचे एक नवल प्रसिद्ध केले. व्हॅनेडियम डायऑक्साइड सुमारे ६८ अंश सेल्सियसच्या खाली अर्धवाहक असतो. त्यावर तापला की धातूसारखा वागतो. त्याचा पातळ थर काचेवर दिला, तर थंडीत तो उष्णतेचे अवरक्त किरण आत सोडतो आणि तापल्यावर ते अडवितो. दृश्य प्रकाशात मात्र फारसा फरक पडत नाही. यास ना वीज लागते, ना कळ.

अडचणी मात्र पुष्कळ निघाल्या. खिडकी ६८ अंशांपर्यंत क्वचितच तापते. म्हणून थरात टंगस्टनचे अणू मिसळून हा अंक खोलीच्या तपमानाजवळ आणावा लागला. थराची पिवळसर छटा आणि हवेतील ऑक्सिजनमुळे होणारा ऱ्हास यांवर संशोधकांचे प्रयत्न अद्याप चालूच आहेत.

चेन्नईजवळील ओरगडम येथे २०१० साली रेनो-निस्सानचा मोटार कारखाना सुरू झाला. शेजारच्या श्रीपेरुंबुदूरला सेंट-गोबेन या फ्रेंच कंपनीने २००० साली त्याच तरंगत्या रीतीने काच काढण्यास आरंभ केला. परंतु त्या भागाला हिवाळा असा नाहीच. बाराही महिने ऊन अडवावयाचे असेल, तर कायम उष्णता परतविणारा साधा लेपही पुरेसा ठरतो. ऋतूनुसार वागणाऱ्या काचेचे खरे चीज व्हावयाचे ते जेथे उन्हाळा तीव्र आणि हिवाळाही बोचरा, अशा उत्तरेकडील नगरांत.

काचेतून किती ऊन आत यावे, याची मर्यादा २००७ च्या ऊर्जासंधारण इमारत संहितेने घालून दिली. इमारत एकदा उभी राहिली की पुढील कित्येक दशकांचे विजेचे बिल तिच्या खिडक्यांत लिहिलेले असते. म्हणून काच निवडताना तिचे नवेपण पाहण्याआधी आपल्या गावचे हवामान पाहणे, हेच शहाणपणाचे होय.