पैसे पुरतील, मग नोकरी सोडायची का?

ज्यांना ऐकायला वेळ झाला नाही, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप.

आधी स्वतःचं सांगतो. वय २९, गाव साताऱ्याजवळ, बीटेक सांगलीत, आता पुण्यात कोड लिहितो. गेल्या वर्षी आमची स्टार्टअप विकली गेली आणि माझ्या शेअर्सचे बऱ्यापैकी पैसे झाले. घराचं कर्ज फिटलं. मग एका रात्री एक्सेल उघडून ‘फायर’चा हिशोब मांडला. वर्षाचा खर्च गुणिले २५, एवढी रक्कम गुंतवलेली असली की पगार नसला तरी चालतं म्हणतात. याचं मूळ विल्यम बेंगेन या अमेरिकन सल्लागाराच्या १९९४ च्या लेखात आहे. पहिल्या वर्षी जमा रकमेच्या साधारण ४ टक्के काढायचे, पुढे महागाईप्रमाणे वाढवायचे. आता हा हिशोब अमेरिकेच्या बाजाराचा, आणि तोही ३० वर्षांचा. मला तर ५०-६० वर्षं काढायची आहेत! पण ते जाऊ दे. माझा आकडा जमत होता, आणि तरी राजीनाम्याचा मेल ड्राफ्टमध्येच पडून होता.

म्हटलं, आपल्या भागात हा प्रश्न आधी कुणाला पडला होता का, बघू.

टेंभू म्हटलं की आपल्याला पाणी योजना आठवते. पण कराडजवळच्या त्याच टेंभूत १४ जुलै १८५६ ला गोपाळ गणेश आगरकर जन्मले. घरची परिस्थिती इतकी हलाखीची की कॉलेजात असताना रात्री सदरा धुवायचा आणि सकाळी तोच घालायचा, ही गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते. असा मुलगा एम. ए. झाल्यावर घरच्यांनी काय अपेक्षा ठेवावी? सरकारी नोकरी, मोठा पगार. आगरकरांनी आईला आधीच कळवून टाकलं की ती आशा धरू नकोस, पोटापुरतं मिळालं की मला पुरे, बाकी वेळ लोकांच्या कामाला. म्हणजे बघा, आपण आधी कमावतो आणि मग ‘पुरे’ कधी ते ठरवतो. त्यांनी ‘पुरे’चा आकडा आधी ठरवला.

आकडा ठरला म्हणून भांडण मिटत नाही, बरं का. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली. तिच्या आजीव सभासदांनी बेताच्या पगारात राहायचं होतं. मग बाहेरची कमाई घ्यायची का, बाहेरची कामं करायची का, यावरून वाद वाढले. टिळकांचं म्हणणं कडक होतं, सगळा वेळ संस्थेलाच. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचं चिटणीसपद घेतलं आणि १८९० मध्ये टिळकांनी राजीनामा दिला. मला याची गंमत वाटते, कारण त्यानंतर चरितार्थासाठी टिळकांना कायद्याचे क्लास चालवावे लागले. नोकरी सुटली, पण पैशाची गरज काही सुटली नाही.

आगरकर १८९५ साली गेले, वय जेमतेम ३८. मागे यशोदाबाई आणि मुलं. स्वतःच्या अंत्यविधीपुरते पैसे त्यांनी पुडीत बांधून ठेवले होते, असं सांगतात. मी ही गोष्ट नेहमी त्यांच्या बाजूने ऐकली होती. या वेळी वाचताना पहिल्यांदा वाटलं, ती पुडी उघडणाऱ्या बाईचं काय?

दुसरा माणूस भाऊराव पाटील. आमच्याकडे अण्णा म्हणतात. मी दहावीपर्यंत रयतच्याच शाळेत, आईसुद्धा. अण्णांच्या पुतळ्यासमोर भाषणं केली, पण एक गोष्ट कधी नीट डोक्यात शिरली नव्हती. हा माणूस सेल्समन होता! लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली, तिथले लोखंडी नांगर विकायला भाऊराव गावोगाव फिरले. पुढे साताऱ्यात कूपर यांच्या कारखान्यासाठीही काम केलं. ४ ऑक्टोबर १९१९ ला कराडजवळ काल्यात रयत शिक्षण संस्था सुरू झाली, ती या फिरतीच्या काळातच. पैशाची गरज संपेपर्यंत ते थांबले नाहीत. थांबले असते तर रयत निघालीच नसती.

मग १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग आलं. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत जेवणार, म्हणजे रोज पीठ लागणार, डाळ लागणार. ती कुठून आली? लक्ष्मीबाईंच्या दागिन्यांतून. एकेक दागिना गेला, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते बोर्डिंगला छत्रपती शाहूंचं नाव मिळालं. लक्ष्मीबाई १९३० मध्ये गेल्या. अण्णांना १९५९ साली पद्मभूषण मिळालं, ते बघायला त्या नव्हत्या.

इथे मी वाचायचं थांबवून एक्सेलकडे गेलो. खर्चाच्या रकान्यात मी होतो आणि बायको होती. तिच्या पगाराला मी ‘सेफ्टी’ असं लेबल लावलं होतं, तिला न विचारता. आईचं नाव कुठेच नव्हतं. माझ्या बीटेकच्या दुसऱ्या वर्षाच्या फीसाठी आईच्या पाटल्या मोडल्या होत्या. ते मला माहीत होतं, पण शीटमध्ये त्यासाठी रकाना नव्हता.

आईला फोन केला. म्हटलं, नोकरी सोडायचा विचार आहे.

“मग दिवसभर करणार काय?”

म्हटलं, पॉडकास्ट, आणि गावच्या शाळेत पोरांना कोडिंग.

“ते आत्ता शनिवारी केलंस तर कोण नको म्हणतंय व्हय?”

पाटल्यांचा विषय काढला तर म्हणाली, “त्या गेल्या रे. आता गुडघ्याचं बघ.”

बायकोला शीट दाखवली. तिने सरळ स्वतःचा रकाना बदलला. तिला दोन वर्षं नोकरी सोडून पीएचडी करायची आहे, हे मला त्या रात्री कळलं. गुडघ्याचं ऑपरेशन आणि तिची दोन वर्षं धरली तर २५ चा गुणाकार जमत नाही. मेल अजून ड्राफ्टमध्ये आहे. शनिवारच्या वर्गासाठी शाळेचे हेडसर हो म्हणालेत, पण कॉम्प्युटर तीनच आहेत आणि त्यातला एक चालू होत नाही.