पोलादाची अदृश्य झीज
१९४३ सालच्या १६ जानेवारीच्या रात्रीं अमेरिकेंतील पोर्टलंड येथें धक्क्यास बांधलेलें 'स्केनेक्टडी' हें अगदीं नवें तेलवाहू जहाज शांत पाण्यांत एकाएकीं दुभंगलें. तळाचा पत्रा तेवढा शाबूत राहिला. वादळ नव्हतें, कीं शत्रूचा पाणसुरुंगहि नव्हता. ठिसूळ पोलाद आणि जोडकामांतील दोष एवढेंच काय तें निमित्त!

वास्तविक पदार्थाचें बळ त्यांतील सूक्ष्म चिरांवर अवलंबून असतें, हें इंग्रज संशोधक ग्रिफिथ यांनीं काचेवर प्रयोग करून १९२१ मध्येंच दाखविलें होतें. परंतु चिवट पोलादाची तऱ्हा निराळी. तें ताणलें म्हणजे आंतील कठीण कणांभोवतीं बारीक पोकळ्या पडतात, वाढतात, एकमेकींस मिळतात. आणि मग तडा जातो.

ही झीज मोजावी कशी? रशियन पंडित कचानोव्ह यांनीं १९५८ मध्यें धातूच्या अखंडपणास अंकच दिला: शाबूत असतां एक, तुटतां शून्य. कल्पना साधी, पण फार मोलाची! पुढें १९७७ मध्यें गुर्सन यांनीं पोकळ्यांचें प्रमाण थेट समीकरणांत आणलें, आणि संगणकास काम मिळालें. वस्तूचे हजारों तुकडे कल्पून तो प्रत्येकांतील पोकळ्यांची वाढ पायरीपायरीनें मोजतो. बळ सरलेला तुकडा गणितांतून वगळला, कीं तडा पुढें सरकतो. पोकळ्या मिळूं लागतांच बळ झपाट्यानें ढासळतें, ही गोष्ट ट्वेरगार्ड व नीडलमन यांनीं १९८४ मध्यें त्यांत घातली.

अडचण एकच, पण मोठी: तुकड्यांचा आकार बदलला, कीं उत्तरहि बदलतें. म्हणून तो आकार ठरविण्यासाठीं खऱ्या पोलादाचा नमुना यंत्रांत ताणून तोडावाच लागतो.