मॉडरेटेड न्यूजग्रुप
यूझनेट या संगणकीय चर्चाजाळ्यातील ज्या गटात आलेला मजकूर थेट प्रसिद्ध न होता आधी मॉडरेटरच्या संमतीसाठी जातो, त्याला मॉडरेटेड न्यूजग्रुप म्हणतात. ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट व जिम एलिस या विद्यार्थ्यांनी १९७९ मध्ये कल्पिलेल्या यूझनेटला मध्यवर्ती संगणक नाही. प्रत्येक सर्व्हर आपल्याकडील मजकूर शेजारच्या सर्व्हरांना देत जातो, त्यामुळे गटाचे नियंत्रण एका ठिकाणी बसून करता येत नाही आणि ते अनेक घटकांत वाटून द्यावे लागते.

या घटकांच्या व्याख्या नोव्हेंबर २००९ च्या आरएफसी ५५३७ या दस्तऐवजात दिल्या आहेत. लेख, म्हणजे गटासाठीचा एक संदेश, रचून सादर करणारा तो पोस्टर. त्याला लेख नियमांत बसवण्यास मदत करणारे सॉफ्टवेअर तो पोस्टिंग एजंट. खरी चौकी त्यापुढील इन्जेक्टिंग एजंटची असते. हा सर्व्हर लेख तपासतो आणि गट मॉडरेटेड असून लेखाच्या माथ्यावरील माहितीत, म्हणजे हेडरमध्ये, ‘अप्रूव्हड’ ही ओळ नसेल, तर लेख जाळ्यात न सोडता ईमेलने मॉडरेटरकडे धाडतो. लेख एकाहून अधिक मॉडरेटेड गटांसाठी असेल, तर तो लेखावरील गटांच्या यादीत डावीकडून पहिल्या येणाऱ्या मॉडरेटेड गटाच्या मॉडरेटरकडे जातो. मॉडरेटर लेख नाकारतो किंवा ‘अप्रूव्हड’ ओळ घालून पुन्हा इन्जेक्टिंग एजंटकडे सोपवतो. तेथून रिलेइंग एजंट तो सर्व्हरागणिक पुढे नेतात आणि सर्व्हिंग एजंट वाचकांसाठी साठवून ठेवतात.

या व्यवस्थेची दुबळी बाजू त्या एका ओळीतच आहे, कारण तिच्यात सहसा मॉडरेटरचा ईमेल पत्ता एवढेच असते आणि तो कोणीही लिहू शकतो. संमती खरी की बनावट हे डिजिटल स्वाक्षरीने पडताळणारे ‘पीजीपीमूस’ हे सॉफ्टवेअर याच उणिवेवरचा उपाय होय.

मॉडरेटर माणूसच असावा असे बंधन नाही. ‘स्टम्प’सारखे प्रोग्रॅम विश्वासू पोस्टरांचे लेख आपोआप सोडतात आणि उरलेले माणसांपुढे ठेवतात. तथापि मॉडरेटरला केवळ पहारेकरी मानणे अपुरे ठरते. संगणकामुळे उद्भवणाऱ्या धोक्यांवरील ‘कॉम्प.रिस्क्स’ या गटात पीटर न्यूमन आलेल्या मजकुरातून निवड करून अनेकांची टिपणे एका अंकात गुंफत असत. तेथे मॉडरेटर पूर्ण अर्थाने संपादक होता.