हाइड पार्क ते योर्बा लिंडा : अध्यक्षीय ग्रंथालयांची वाटचाल

एकेकाळी अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष पायउतार झाला की आपले कागद बांधून घरी नेत असे. ती त्याची खासगी मालमत्ताच मानली जाई. वॉरेन हार्डिंग यांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नीने कितीतरी कागद जाळले. लिंकन यांचे कागद मुलाच्या अटीमुळे १९४७ पर्यंत कुलपात राहिले. मागच्याच्या अनुभवावरून पुढच्याने शहाणे व्हायचे, तर कशाच्या आधारावर?

हे दुखणे फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ओळखले. पदावर असतानाच त्यांनी हाइड पार्कच्या आपल्या घराशेजारी देणग्यांतून ग्रंथालय उभारले आणि कागदांसह सरकारच्या हवाली केले. ३० जून १९४१ रोजी त्याचे उद्घाटन झाले. १९५५ च्या कायद्याने ही प्रथा पुढच्या अध्यक्षांसाठी रुळली आणि दोनच वर्षांत ट्रूमन यांचे ग्रंथालय उभे राहिले.

या साठ्याचे मोल कळते ते बॉस्टनच्या केनेडी ग्रंथालयातल्या ध्वनिफितींवरून. १९ ऑक्टोबर १९६२. क्यूबात सोव्हिएत क्षेपणास्त्रे सापडलेली, आणि हल्ल्याऐवजी नाकेबंदीचा विचार चाललेला. हवाई दलप्रमुख कर्टिस लमे अध्यक्षांना तोंडावर सांगतात, की हे जवळजवळ म्युनिकमधल्या हिटलरपुढच्या शरणागतीइतके वाईट आहे. टोमणा जिव्हारी लागणारा होता, कारण १९३८ च्या म्युनिक कराराच्या वेळी केनेडींचे वडीलच लंडनमध्ये राजदूत होते. पण केनेडींच्या मनात १९३८ नव्हते, १९१४ होते. कोणालाही नको असलेले महायुद्ध एकमेकांविषयीच्या चुकीच्या अंदाजांतून कसे पेटले, हे त्यांनी बार्बरा टकमन यांच्या पुस्तकात नुकतेच वाचले होते. म्हणून ते हल्ल्याच्या आग्रहापुढे झुकले नाहीत. इतिहासाचा दाखला दोन्ही बाजूंकडे होता. आपल्यासमोरचा प्रसंग कोणत्या दाखल्याशी जुळतो, हे ताडणे हेच खरे नेतृत्व.

पुढे अध्यक्षांचे भाऊ आणि सल्लागार रॉबर्ट केनेडी यांच्या या पेचाविषयीच्या आठवणी १९६९ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यांत ते स्वतः संयमाच्या बाजूचे दिसतात. १९९७ मध्ये फितींचे शब्दांकन छापून आले, तेव्हा चित्र पालटले. पहिल्या दिवशी थेट चढाईचा विषय काढणाऱ्यांत तेही होते. आणि तुर्कस्तानातली अमेरिकी क्षेपणास्त्रे हटवून तडजोड करावी, हे बहुतेक सल्लागारांच्या विरोधात लावून धरणारे खुद्द अध्यक्ष होते. नुसत्या आठवणींवर विसंबले असते, तर चुकीचाच धडा गिरवला गेला असता.

वॉटरगेट प्रकरणात अडकलेल्या अध्यक्ष निक्सन यांच्या संभाषणांच्या फितींनी संस्थेची खरी परीक्षा पाहिली. त्या नष्ट होऊ नयेत म्हणून काँग्रेसने १९७४ मध्ये कायदा करून ताब्यात घेतल्या. १९७८ च्या कायद्याने अध्यक्षांचे कामकाजाचे सारे कागद राष्ट्राचे ठरवले. रेगन यांच्यापासून तो लागू झाला. निक्सन यांचे योर्बा लिंडाचे ग्रंथालय मात्र १९९० मध्ये खासगी पैशावर उघडले, आणि तिथल्या वॉटरगेट दालनात त्यांचीच बाजू होती. २००७ मध्ये ते राष्ट्रीय अभिलेखागाराकडे आले. संचालक टिमोथी नाफ्ताली यांनी निक्सन-समर्थकांचा विरोध पत्करून ते दालन कागदोपत्री पुराव्यांवर नव्याने उभारले. ३१ मार्च २०११ रोजी ते खुले झाले. या संस्थेच्या वाटचालीतला सर्वांत मोठा दिवस मी तोच मानतो, हाइड पार्कच्या उद्घाटनापेक्षाही मोठा.