मंचावरचा संगणक : वेग की वेळेचा नेम?

थेट संगीत कार्यक्रमासाठी लॅपटॉप निवडताना बहुतेक विद्यार्थी आधी प्रोसेसरचा वेग पाहतात. या यंत्रांचा इतिहास मात्र दुसऱ्याच गोष्टीकडे लक्ष वेधतो.

१९८३ मध्ये मिडी हे मानक आले. मिडीतून ध्वनी जात नाही. कोणता स्वर केव्हा आणि किती जोराने वाजवायचा, एवढी सूचना जाते. १९८५ च्या अटारी एसटी संगणकात मिडीची जोडणी अंगभूत होती. प्रत्यक्ष ध्वनी बाहेरचा सिंथेसायझर निर्माण करी, म्हणून ८ मेगाहर्ट्झचा संगणकही पुरेसा ठरला.

१९९७ मध्ये मॅक्स या प्रणालीला एमएसपीची जोड मिळाली. २००१ मध्ये बर्लिनच्या एबलटनने ‘लाइव्ह’ आणले. आता ध्वनी लॅपटॉपमध्येच तयार होऊ लागला आणि वेळ पाळण्याची जबाबदारीही त्याच्यावर आली.

संगणक ध्वनी तुकड्यातुकड्यांनी पाठवतो. सेकंदाला ४४,१०० नमुने असतील, तर २५६ नमुन्यांचा तुकडा सुमारे ५.८ मिलिसेकंद पुरतो. तेवढ्यात पुढचा तुकडा तयार झाला नाही, तर ‘टक्’ असा आवाज सभागृहभर ऐकू येतो. १,०२४ नमुन्यांचा तुकडा घेतल्यास उसंत मिळते. पण सुमारे २३ मिलिसेकंदांचा उशीर वादकाला जाणवतो.

म्हणून सरासरी वेगापेक्षा सर्वांत वाईट क्षण तपासावा. शक्यतो खरेदीपूर्वीच, आपल्याच ऑडिओ इंटरफेससह, वाय-फाय बंद ठेवून पूर्ण कार्यक्रम सलग वाजवून पाहावा. यंत्र तापल्यावरही ध्वनी तुटला नाही, तरच ते मंचावर न्यावे. तिथे चुकलेला क्षण पुन्हा वाजवता येत नाही.